कपाटातला काळा सूट

पत्र : माझे माहेर रत्नागिरीजवळचे. पती मूळचे आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातले. १९८६ साली, वयाच्या १९व्या वर्षी, बांधकामावर काम करण्यासाठी ते लंडनला आले आणि इथलेच झाले. सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत, त्यांना आता फारसे आठवत नाही. थोरले दीर अविवाहित असून गावी गुरे आणि आई दोन्ही सांभाळतात. आम्ही गेली ३० वर्षे दरमहा पैसे पाठवतो, पण दिरांनी कधी आभाराचा शब्द काढला नाही. आता त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, आणि त्यांनी पतींना चार ओळींचा निरोप धाडला आहे, की सहा आठवडे येऊन राहा. पगारी बाई ठेवायला पैसे देतो म्हटले, तर उत्तरच नाही. पतींचा आईवर किती जीव आहे हे मी जाणते. त्यांचा काळा सूट इस्त्री करून कपाटात कायम तयार असतो, खिशात पासपोर्टसुद्धा. दिरांची समजूत कशी घालावी?
– धाकटी सून, लंडन

प्रिय भगिनी,

तुमचे सारे पत्र दिरांविषयी आहे, पण मी अडकले ती त्या सुटापाशी.

आयर्लंडमध्ये माणूस गेला, की साधारण दोन-तीन दिवसांत दफन उरकते, आणि म्हणून परदेशी गेलेल्या मुलाच्या डोक्यात एक हिशेब सतत चालू असतो : फोन आला, तर मी किती तासांत पोहोचेन? तुमच्या पतींनी तो हिशेब पुरता सोडवून ठेवला आहे. मेयोतल्या नॉक या तीर्थस्थानाजवळ जेम्स होरन या धर्मगुरूंनी दलदलीच्या टेकाडावर हट्टाने विमानतळ उभारला आणि त्याचे उद्घाटन झाले तेही १९८६ मध्येच, म्हणजे ज्या वर्षी तुमचे पती घराबाहेर पडले त्याच वर्षी. लंडनहून तिथे जायला विमानाला दीड तास पुरतो. तेव्हा आईच्या शवपेटीपाशी ते वेळेवर हजर असतील यात शंका नाही. घरात रात्रभर माणसांची रीघ लागेल, शेजारीपाजारी एकेक करून त्यांचा हात हातात घेतील, लंडनहून धावत आलेल्या मुलाचे कौतुकही होईल. त्या वेळी आत स्वयंपाकघरात, दुखरा खुबा सावरत, चहाची किटली पुन्हा पुन्हा भरत कोण उभे असेल, ते तुम्हीच सांगा.

हे प्रेम खरे आहे, पण सासूबाईंना त्याचा आज काडीचा उपयोग नाही.

त्या देशात एके काळी याच्या नेमके उलट घडत असे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघाली, की आदल्या रात्री गाव तिच्या घरी जमे आणि मयताच्या घरी जागतात तसे पहाटेपर्यंत जागे, कारण निघालेले माणूस पुन्हा दिसणार नाही हे सर्वांना ठाऊक असे. 'अमेरिकन वेक' असेच नाव होते त्याला. त्या लोकांपुढे समुद्र होता आणि परतीच्या भाड्याला पैसा नव्हता. तुमच्या पतींपुढे काय आहे? तिकीट आहे, वेळ काढता येतो, आणि आई अजून खुर्चीत बसलेली आहे.

आता आभारांविषयी. तुम्ही रत्नागिरीकडच्या आहात, मुंबईच्या मनीऑर्डरीवर चाललेली घरे तुम्ही लहानपणापासून पाहिली असणार. गावी राहिलेल्या भावाने चाकरमान्याचे आभार मानलेले कधी पाहिलेत का? पैसा आईसाठी येत होता आणि त्याच आईसाठी दीर स्वतः खपत होते, मग कोणी कोणाला धन्यवाद द्यायचे? रात्री दोन वाजता म्हातारी उठून अंगणात निघाली, तर तिला शाल पांघरून परत आणणाऱ्या माणसाला तुम्ही आभाराचे किती शब्द लिहिलेत? (तुमच्या पत्रात तरी एकही नाही.) पगारी बाईच्या प्रस्तावाला उत्तर आले नाही याचेही मला नवल वाटत नाही. बाई हवी असती, तर त्यांनी गावातच कोणाला विचारले असते. त्यांनी भावाला बोलावले आहे, आणि ज्याने आजवर काही मागितले नाही अशा माणसाला चार ओळीदेखील फार होतात.

तेव्हा दिरांची समजूत घालण्याचा विचार सोडा. सहा आठवडे तुमच्या पतींनीच जायचे आहे. त्यांच्या बदली तुम्ही जायचे नाही, कारण तसे झाले तर सुनेच्या कष्टांवर हा प्रश्न पुन्हा एकदा मिटवला जाईल. शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे भावाला इस्पितळात त्यांनीच गाडीने न्यावे. गोळ्यांच्या वेळा, गुरांचा चारा, शेगडीतला विस्तव, सगळे आधी आठवडाभर भावाच्या मागे हिंडून शिकून घ्यावे. सासूबाई त्यांना थोरल्याच्या नावाने हाक मारण्याची बरीच शक्यता आहे. त्यांनी दुरुस्ती करू नये, ओ द्यावी.

सूट लंडनमध्येच राहू द्या. पासपोर्ट तेवढा खिशातून काढून घ्या. आणि दिरांच्या निरोपाला उत्तर आज रात्रीच पतींच्या हातून जाऊ द्या, त्यात पैशांचा उल्लेख नको. इतकेच पुरे : 'येतो. गमबूट आणू, की तुझे मला होतील?'