जपानमध्ये आरक्षित शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) चुकली तर तिकीट वाया जातं का?

बहुतेक वेळा नाही. साधं आरक्षित तिकीट असेल, तर त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीच्या अनारक्षित डब्यात त्याच तिकिटावर बसता येतं. फक्त जागा मिळेल याची हमी नाही. सवलतीच्या तिकिटांना मात्र ही मुभा नसू शकते, त्यामुळे घेतानाच अटी वाचा. शिवाय वर्षअखेर, गोल्डन वीक (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्या) आणि ओबोनच्या (ऑगस्टमधला पूर्वजांचा सण) गर्दीत 'नोझोमी' या सर्वांत वेगवान शिंकान्सेन गाड्या पूर्ण आरक्षित असतात, म्हणजे अनारक्षित डबा नसतो. तेव्हा त्यांत उभ्याने जावं लागतं.

चूक तुमची नसून गाडीच 2 तास किंवा त्याहून उशिरा पोहोचली, तर एक्सप्रेसचं जादा भाडं परत मिळतं. मूळ प्रवासभाडं नाही. तिकीट टाकून देऊ नका, एवढंच.

चुकीच्या लोकलमध्ये चढलात? घाबरून स्टेशनच्या तिकीट-फाटकाबाहेर पडू नका. आतच कर्मचाऱ्याला गाठून तिकीट दाखवा. खरोखर चूक झाली हे पटलं तर बहुधा फुकटात परत जाऊ देतात. भाडं कमी पडलं असेल, तर फाटकाजवळच्या यंत्रात फरक भरायचा. दंडाबिंडाची भानगड नाही, आपल्या टीसीची धास्ती इथे विसरा!

सामान गाडीत राहिलं तर 'वासुरेमोनो' (विसरलेली वस्तू) एवढा शब्द पुरतो. गाडीची वेळ आणि डबा क्रमांक सांगा. म्हणून चढतानाच तिकिटाचा फोटो काढून ठेवावा, कारण उतरताना यंत्र ते गिळून टाकतं.

शेवटची गाडी मात्र सांभाळा. शिंकान्सेन मध्यरात्री ते सकाळी 6 धावत नाही, आणि टॅक्सी खिसा रिकामा करते.