पक्षी दिसलाच नाही, तर नोंद कशाला?

प्रश्न : दुर्मीळ पक्ष्याच्या मोजणीत आम्ही स्वयंसेवक आहोत. बऱ्याच वेळा पक्षी दिसतच नाही. तरी तक्ता भरायचा का?

उत्तर : भरायचाच, आणि संख्येच्या रकान्यात स्पष्ट ० लिहायचं. रकाना कोरा राहिला तर पक्षी नव्हता की कोणी गेलंच नव्हतं, हे नंतर कळत नाही. सोबत सुरुवातीची व शेवटची वेळ, निरीक्षकांची संख्या, वारा आणि पाऊस लिहा. जोराच्या वाऱ्यात आवाज ऐकू येत नाहीत. तिथलं शून्य फसवं असतं, म्हणून अशी मोजणी पुढे ढकललेलीच बरी.

बिंदू-मोजणी (ठरलेल्या एकेका जागी उभं राहून केलेली मोजणी) असेल तर पोहोचल्यावर दोनेक मिनिटं गप्प उभे राहा, मग ठरलेली मिनिटंच मोजा, बहुधा ५ किंवा १०. वेळ संपल्यावर दिसलेला पक्षी शेऱ्यात जातो, आकड्यात नाही (इथेच मोह होतो!). दोन बिंदूंत साधारण २५० मीटर अंतर ठेवा, नाहीतर तोच पक्षी दोनदा मोजला जातो. योजनेत नसेल तर ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नका : पक्षी जवळ ओढला जातो, आकडा फुगतो, विणीच्या काळात त्याची शक्तीही वाया जाते. घरट्याचं नेमकं ठिकाण फक्त समन्वयकाला कळवा. मोबाइलच्या फोटोत स्थानाची नोंद दडलेली असू शकते, फोटो कोणाला पाठवण्याआधी ती काढून टाका.