हळदीचा डाग आणि हट्टी आयोडीन : द्रावकांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पांढऱ्या सुती शर्टावरचा हळदीचा डाग पाण्याने जात नाही, आणि साबण लावला की लाल होतो. असं का?

उत्तर : हळदीतला पिवळा रंग कुर्क्युमिनचा. या रेणूत ऑक्सिजनचे गट आहेत, पण सांगाडा मोठा आणि बराचसा अध्रुवीय, म्हणजे त्यात विद्युतभाराची धन-ऋण टोकं नाहीत; पाण्याच्या रेणूला ती आहेत, तो ध्रुवीय. म्हणून तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये विरघळतो. त्यात भाजीचा डाग तेलासकट पडलेला असतो. आधी भांडी घासायच्या लिक्विडने तेल काढा. मग डागाखाली टिश्यूपेपरची घडी ठेवून, उलट बाजूने स्पिरिटचा बोळा टिपत राहा. घासलंत तर डाग पसरेल. टिश्यू पिवळा झाला की बदला, नाहीतर रंग तिथून परत कापडात शिरतो. खिडकी उघडी आणि गॅस बंद हवा. ॲसिटेट कापडाला ॲसिटोन लावू नका, कापडच विरघळेल. उरलेला फिका डाग ओला करून उन्हात टाका. उन्हाने कुर्क्युमिनचं विघटन होतं.

लाल होण्याचा विरघळण्याशी संबंध नाही. ती साबणातल्या आम्लारीची करणी; हळदीत चुना घालून कुंकू करतात तेच इथे घडतं. व्हिनेगरचे दोन थेंब टाका, पुन्हा पिवळा होईल.

प्रश्न : आयोडीनचं द्रावण करताना स्फटिक तळाशीच राहतात. गरम करू का?

उत्तर : नको, वाफा घातक असतात. आयोडीनचा रेणू अध्रुवीय. २५ अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम ०.३ ग्रॅम विरघळतो. १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी २०-३० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, त्यात ५ ग्रॅम आयोडीन घालून ढवळा आणि स्फटिक दिसेनासे झाल्यावरच १०० मिलिलिटरपर्यंत पाणी भरा. चूक होते ती इथेच: पाणी आधीच भरलं की आयोडाइड विरळ होतं आणि काम रेंगाळतं. आयोडाइडशी जोडून आयोडीनचा ट्रायआयोडाइड आयन बनतो. त्यावर विद्युतभार असल्याने पाणी त्याला सामावून घेतं. वजन काचेत करा, धातूच्या चमच्याला आयोडीन खातं.

प्रश्न : इथेनॉल पाण्यात हवं तितकं मिसळतं, मग ब्युटेनॉल का नाही?

उत्तर : ‘सारख्यात सारखं विरघळतं’ (ध्रुवीय ध्रुवीयात, अध्रुवीय अध्रुवीयात) हा नियम इथे तोकडा पडतो. पाण्याशी जुळणारा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट दोघांतही एकच, पण कार्बनची शेपटी लांबते. तीन कार्बनपर्यंत पाणी ती सांभाळून घेतं. सरळ साखळीच्या ब्युटेनॉलचे १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ७-८ ग्रॅमच मावतात. तेच चार कार्बन एका गुच्छात आले (तृतीयक ब्युटेनॉल) की ते पुन्हा पूर्ण मिसळतं!

प्रश्न : कार्बन-क्लोरीन बंध ध्रुवीय, तरी कार्बन टेट्राक्लोराइड अध्रुवीय कसं?

उत्तर : चारही बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे सारखे ओढतात, बेरीज शून्य. अध्रुवीय द्रावकात आयोडीन विरघळून जांभळा थर दिसतो, तो प्रयोग दाखवायला मात्र कार्बन टेट्राक्लोराइड वापरू नका, विषारी आहे. हेक्झेन चालतं, जवळपास ज्योत नको.