१,७०० ग्रॅमच्या बाळाला घरी कांगारू केअर नेमकं कसं द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं बाळ ३३व्या आठवड्यात जन्मलेलं, १,७०० ग्रॅमचं आहे आणि परवा लालबागच्या खोलीवर येतंय. डॉक्टर ‘कांगारू द्या’ म्हणाले, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवा; आजी म्हणतात दुपट्यात घट्ट गुंडाळलं की झालं.

आजींना आधी एवढं सांगा: दुपटं असलेली ऊब राखतं, नवी देत नाही. या वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी फार थोडी असते, त्यामुळे स्वतःची ऊब त्याला पुरत नाही. ती आईच्या उघड्या छातीतून मिळते.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडले म्हणून ही पद्धत सुरू झाली. म्हणून अजूनही लोकांना ती गरिबांची सोय वाटते, आणि ते खरं नाही. तुमच्याच परिस्थितीला लागू पडणारा अभ्यास हरियाणातला आहे, २०१९चा. १,५०० ते २,२५० ग्रॅमच्या ८,४०२ बाळांवर तो झाला. ज्या घरांत कांगारू शिकवलं, तिथे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. घरीच, कोणत्याही यंत्राशिवाय.

पण हे औषधासारखं आहे, मात्रा पुरी हवी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. एका बैठकीला किमान एक तास द्या, कारण दर वेळी उचल-ठेव केली की बाळ दमतं आणि गार पडतं. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास धरलं तर फारसा उपयोग नाही. घरात खटका उडतो तो इथेच: बाळंतिणीला इतके तास मोकळे मिळतील अशी कामं वाटून घ्या. बाबा, मावशी, आजी, कुणाचीही छाती चालते. फक्त सर्दी-ताप नको, अंग स्वच्छ हवं.

बाळाला टोपडं, मोजे, लंगोट आणि पुढून उघडं बिनबाह्यांचं झबलं घाला. आईने भिंतीला तीन-चार उशा लावून अर्धवट रेलून बसावं, साधारण ३० ते ४० अंशांत. बाळ दोन स्तनांच्या मधे उभं, पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाशी, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका बाजूला वळवून किंचित मागे. जुन्या सुती साडीचा लांब तुकडा गुंडाळा, त्याची वरची कड कानाच्या खाली यायला हवी आणि कुल्ल्यांना खालून आधार मिळायला हवा. सगळ्यात मोठी चूक मानेची होते: हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दबते. नाक-तोंड सतत दिसत राहिलं पाहिजे. आईला डुलकी लागली तर चालेल, पण रेलूनच आणि कापड पक्कं बांधून. सपाट झोपून नको.

मुंबईच्या उकाड्यात वरून शाल-ब्लँकेट घालू नका. पंखा चालू ठेवा, फक्त झोत अंगावर नको. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. शेगडीची धुरी, वेखंडाचा धूर, अगरबत्ती पूर्ण बंद ठेवा. इवल्या फुप्फुसांना धूर फार घातक असतो. आंघोळ आणि मालिशवाल्या बाईंना वजन चांगलं वाढेपर्यंत थांबवा, कोमट ओल्या कपड्याने पुसलं तरी पुरे.

साधारण दर दोन तासांनी पाजा. या वयात चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसलेला नसतो. म्हणून अंगावर ओढत नसेल तर काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्या, बाटली नको. कांगारूमध्ये असताना दूध येण्यालाही मदत होते. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा. दिवसाला दर किलोमागे १५ ते २० ग्रॅम वाढ चांगली.

साधारण अडीच किलोच्या आसपास बाळ हात-पाय बाहेर काढून कुरकुरू लागतं. त्याला आता नको असतं, तेव्हा जबरदस्ती करू नका.

श्वास थांबला, ओठ निळसर झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास होऊ लागले, दूध सोडलं किंवा कांगारूत तासभर ठेवूनही अंग गारच राहिलं, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि हॉस्पिटलला नेतानाही बाळाला छातीशी बांधूनच न्या.