पणजोबा शोधायचे तर आधी पणजी शोध

चि.,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पणजोबांचं नाव माहीत, गाव माहीत, तरी तालुक्याच्या अभिलेख कक्षातून हात हलवत परत यावं लागलं, असं लिहिलंयस. तिथे आडनाव सांगून शोधायला लावलं असशील. जुन्या दप्तरात आडनाव असेलच असं नाही. 'राणू बिन सखाराम', बास. बिन किंवा वलद म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. त्यात आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. म्हणजे राणू बिन सखाराम, मग सखाराम बिन राणू, पुन्हा राणू बिन सखाराम. मी स्वतः दोन वर्षं भलत्याच राणूच्या मागे फिरत होतो. तो निघाला माझ्या पणजोबांचा आजोबा!

सोडवलं ते पणजीनं. तिचं नाव काशी, एवढं आत्याला पाठ होतं. 'काशी कोम राणू' अशी नोंद सापडली आणि कुठला राणू आपला ते कळलं. म्हणून तुलाही सांगतो, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बस. 'आपला इतिहास सांग' म्हणू नकोस, ती गप्प होईल. पणजीला माहेरची चोळी कुठल्या गावाहून यायची, ते विचार. माहेर कळलं की शोधायला दुसरं गाव मिळतं.

मग फेरफार काढ, म्हणजे गाव नमुना सहा, जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर गेली त्याची नोंदवही. हक्कनोंदणी १९०३च्या कायद्यानं सुरू झाली, त्यामागे फार जाता येणार नाही. सर्व्हे नंबर जुना सांग. गटस्कीम झाली, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र केले, तिथे नंबर बदललेत. त्यातली वारस नोंद नीट वाच. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदीत मुली बहुधा सापडायच्या नाहीत, नसल्या तरी त्या नव्हत्याच असं धरू नकोस.

माझ्या नकलेत तीन मुलांच्या नावांपुढे लिहिलं होतं, 'अ.पा.क. आई काशी'. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन मुलांची पालक. वारस नोंदीत आईचं नाव असं आलं, म्हणजे मुलं लहान असताना बाप गेला. घरात तर सगळे सांगायचे, पणजोबा चांगले पिकून गेले म्हणून. मी नक्कल घडी करून पिशवीत ठेवली आणि स्टँडवर दोन चहा प्यायलो. एसटी गेली ती गेलीच.

त्यानंतर कोतवाल बुक मागितलं, नमुना चौदा, जन्ममृत्यूचं. ऑक्टोबर १९१८ची पानं उघडली तर कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ 'ताप', 'ताप', 'ताप'. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. चौथ्या पानावर राणू. त्याच आठवड्यात त्याच घरातली एक मुलगीही. तिला नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी' लिहिलेलं. तिच्याबद्दल घरात कुणालाच काही माहीत नव्हतं, आत्यालाही नाही.

तुमच्याकडे जमीन होती म्हणून हे एवढं सांगतोय. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची नावं फेरफारात सहसा येत नाहीत. त्यांना कोतवाल बुक आणि शाळेचं जनरल रजिस्टर. रजिस्टरातल्या एक जूनवर विश्वास ठेवू नकोस, ती मास्तरांनी शाळेत घालायला लावलेली तारीख असते. नाशिक-त्र्यंबकला क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या वह्या आहेत, मूळ गाव सांगितलं की तुमचं पान काढून देतात. पण तिथे तीर्थाला जाणाऱ्यांचीच नावं. कोल्हापूरकडे कुणाकडे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा, येत असेल तर त्यालाही गाठ, धान्याची पायली तयार ठेवून. काही जिल्ह्यांची जुनी कागदपत्रं 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, अर्ज करण्याआधी तिथे बघ.

कागद मोडी लिपीत निघाला तर घाबरू नकोस. पान पूर्ण उलगडून, उन्हात न धरता, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढ आणि मला पाठव. बाजूचा शेरा कापू नकोस.

तुझा,
काका