पाठ बरी करायची की गोणी हलकी करायची?

कोपरखैरण्याच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं तिने लिहिलंय. ती बारावी सायन्सला आहे आणि गणित व जीवशास्त्र दोन्ही विषय घेतलेत. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, वय 47. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या कमरेची गादी सरकली आहे आणि डावा पाय पोटरीपर्यंत दुखतो. डॉक्टरांनी वजन उचलू नका असं सांगितलं, पण घर चालायचं कसं, म्हणून कमरेला पट्टा आवळून ते कामावर जातात. दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला 'एर्गोनॉमिक्स', म्हणजे काम माणसाच्या शरीराला सोसेल असं आखण्याचं शास्त्र, हा शब्द सांगितला. आता फिजिओथेरपी घ्यावी की इंजिनिअरिंग, असा तिला प्रश्न पडलाय. मामा म्हणतात, "मालिश करायला एवढं शिकायचं?"

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात एकाखाली एक अशी दोन वाक्यं आहेत आणि तुला ती एकच वाटली असावीत. पहिलं, "मला बाबांसारख्या लोकांच्या पाठी बऱ्या करायच्या आहेत." दुसरं, "दुसऱ्या कुणाच्या बाबांची पाठ अशी जाऊ नये असं वाटतं." ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांचं शिक्षण वेगळं आणि रोज सकाळी जायची जागाही वेगळी. पहिलं काम दवाखान्यात चालतं, दुसरं गाळ्यावर, कारखान्यात, गोदामात. तुला यातलं कोणतं हवंय हे ठरलं की अर्धं उत्तर मिळालं.

आधी मामांचं. फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे. महाराष्ट्रात या पदवीला 'नीट' या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. शरीररचना, स्नायू-सांध्यांचं यंत्रशास्त्र, मज्जासंस्था हे सगळं बारकाईने शिकावं लागतं. सरकलेल्या गादीचा माणूस पुन्हा चालता करणं हे मोठं काम आहे. हे मामांना सांग. पण ते काम इजा झाल्यावर सुरू होतं, हेही तू लक्षात ठेव.

आता दुसऱ्या वाक्याकडे येते, कारण पत्र वाचताना मला तुझा ओढा तिकडेच दिसला. कामामुळे पाठ, खांदा, मनगट, गुडघा का जातो आणि ते थांबवायचं कसं, याचं शास्त्र म्हणजेच एर्गोनॉमिक्स, आणि त्यात मोजमाप असतं. अमेरिकेच्या 'नायोश' या सरकारी संस्थेने 1991 मध्ये सुधारलेलं उचलण्याचं एक समीकरण जगभर वापरतात. परिस्थिती अगदी आदर्श असेल, तर दोन्ही हातांनी उचलायला 23 किलो ही त्याची वरची मर्यादा. तिथून पुढे परिस्थिती बिघडेल तसा हा आकडा कमी होत जातो.

18 किलोचा टोमॅटोचा क्रेट घे. तो उचलताना हात घोट्यांपासून 50 सेंटिमीटर पुढे गेले, तर 23 चे थेट निम्मे, साडेअकरा. पकड जमिनीपासून फक्त 15 सेंटिमीटरवर असेल, तर 0.82 ने गुणायचं. क्रेट 60 सेंटिमीटर वर न्यायचा असेल, तर 0.895 ने. कंबर 45 अंश वळवून ठेवायचा असेल, तर 0.856 ने. शेवटी उरतात जेमतेम 7.2 किलो. म्हणजे तो माणूस सुरक्षित वजनाच्या अडीचपट उचलतोय. मिनिटाला किती क्रेट उचलतो आणि पकड कशी आहे, हे हिशेब अजून धरलेलेच नाहीत.

आता तोच क्रेट, पकड जमिनीपासून 75 सेंटिमीटरवर येईल अशा टेबलावर ठेव, उचलणारा त्याला चिकटून उभा राहू दे, म्हणजे हात 30 सेंटिमीटरवर येतील. वळावं लागू नये आणि 25 सेंटिमीटरपेक्षा जास्त वर न्यावा लागू नये अशी मांडणी कर. मर्यादा 19 किलोवर जाते. माणूस तोच, क्रेटही तोच, बदललं फक्त टेबल.

या शास्त्राचा गाभा हाच आहे. कंपन्यांमध्ये वर्षानुवर्षं 'वाकू नका, गुडघ्यात बसून उचला' अशी पोस्टरं लागतात आणि प्रशिक्षण उरकलं जातं. अशा प्रशिक्षणांच्या अभ्यासांचा 2011 मध्ये मोठा आढावा घेतला गेला, तेव्हा नुसतं उचलायला शिकवून पाठदुखी टळते असा पुरावा सापडला नाही. बाबांच्या पट्ट्याचंही तसंच. धडधाकट कामगारांनी इजा टाळायला पट्टा वापरावा, अशी शिफारस करायला नायोशनेच 1994 मध्ये नकार दिला. बाबांना पट्टा डॉक्टरांनी दिला असेल तर गोष्ट वेगळी. पण पट्टा बांधला म्हणून पूर्वीइतकंच ओझं उचलता येईल, हा समज धोक्याचा आहे. त्यांना सांग. माझ्यापेक्षा तुझं ते ऐकतील.

आणखी एक सांगायलाच हवं. पाय बधिर पडून चवडा उचलता येईना, लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आता मार्केटाकडे. तू लिहितेस, गोणी पन्नासची म्हणतात आणि भरते साठ. एका माणसाने वाहायचं ओझं 55 किलोपेक्षा जास्त असेल तर ते लवकरात लवकर तिथपर्यंत आणा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये केली होती. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने गोणीचं वजन कमी व्हावं म्हणून मोठा लढा दिला. त्यामुळे गोणीवरचा आकडा ही किरकोळ बाब समजू नकोस. पाठीच्या आरोग्याचा सगळ्यात मोठा निर्णय तिथे होतो आणि तो गोणी भरणारा घेतो, उचलणारा नाही.

तुला एक विचारायचं आहे. बाबा टोळीत पाठीवर गोणी घेणारे आहेत, की खालून उचलून दुसऱ्याच्या पाठीवर चढवणारे? दोघांच्या पाठीवर येणारा ताण वेगळा असतो. चढवणारा प्रत्येक गोणीला वाकतो आणि वळतो. घेणारा ओझ्याखाली चालतो, आणि थप्पी उंच गेली की वरच्या थराला त्याला तोल सांभाळत गोणी टाकावी लागते. मघाचं समीकरण घेणाऱ्याला लावताच येत नाही, ते ओझं वाहून नेण्यासाठी नाही. त्याच्यासाठी शरीराच्या ठेवणीवरून गुण देणारी 'रेबा' पद्धत आहे, 2000 साली प्रसिद्ध झालेली. कुठलं काम कुठल्या मापाने मोजायचं, हे कळणं म्हणजेच ही विद्या.

मोजून झाल्यावर अवघड भाग सुरू होतो. ट्रकच्या हौद्याच्या उंचीचा धक्का बांधा, सरकता पट्टा लावा, हे कागदावर सोपं आहे. पण मजुरी गोणीमागे मिळते. कामाचा वेग घटवणारा बदल टोळीला परवडत नाही, आणि वेग फार वाढवणारं यंत्र आलं की पुढच्या वर्षी टोळीच लागणार नाही ही भीती असते. ती भीती खरी आहे. कष्टकऱ्यांनी झगडून 1969 चा माथाडी कायदा मिळवला. त्या लोकांसमोर मोजपट्टी घेऊन उभं राहायचं तर आधी त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला हे जमायला वर्षं लागतात. तुला ते घरातच ऐकायला मिळालंय.

मग शिकायचं काय? वाटा तीन आहेत.

फिजिओथेरपी केलीस तर पुढे पदव्युत्तर शिक्षणात कम्युनिटी फिजिओथेरपी घेऊन कामाच्या जागांकडे वळता येतं. मोठ्या आयटी आणि वाहन कंपन्या असे लोक घेतात. या वाटेची एक अडचण तुला कुणी सांगितली नसेल. कारखान्यातलं सेफ्टी ऑफिसर हे कायद्याने ठरवलेलं पद आहे. आजवरच्या नियमांत त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदविका, नाहीतर भौतिक वा रसायनशास्त्राची पदवी, वर कारखान्यातला अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका लागते. फिजिओथेरपीच्या पदवीवर हा दरवाजा उघडत नाही.

इंजिनिअरिंगने तो उघडतो. मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन करून, थोडा अनुभव घेऊन औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो. तो शिकवणारी सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट सायनला, तुझ्या घरापासून फार लांब नाही. जुन्या कारखाने कायद्यात 1000 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता, नव्या सुरक्षा संहितेने ही मर्यादा 500 वर आणली. म्हणजे जागा वाढायला हव्यात.

तिसरी वाट डिझाइनची. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात यूसीड परीक्षेतून पदवीला आणि सीडमधून पदव्युत्तरला प्रवेश मिळतो. हत्यारं, ट्रॉल्या, बसायच्या जागा घडवणारे लोक तिथे तयार होतात. तुला चित्र काढायला आवडतं का, हे पत्रात नाही, म्हणून या वाटेवर मी जोर देत नाही.

मला विचारशील तर मेकॅनिकल घे. पत्रात तू शेजाऱ्यांचा मिक्सर खोलून दुरुस्त केल्याचं सहज लिहून गेलीस, आणि "पाठ अशी जाऊ नये" या वाक्याखाली रेघ ओढलीस. ज्याला गाळ्याची मांडणी बदलायची आहे, त्याच्या हातात ती बदलायचा अधिकार असावा, आणि तो अधिकार या वाटेने लवकर येतो. शरीराचा अभ्यास पुढे जोडता येईल, जीवशास्त्र घेतलंस ते वाया जाणार नाही. मात्र माणसाला हाताने बरं करण्यात तुझा खरा जीव असेल, तर माझं न ऐकता फिजिओथेरपीला जा.

या क्षेत्राची उणीवही सांगते. पाठदुखी आणि सांध्यांचे विकार आपल्या कायद्यातल्या कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2010 च्या यादीत स्नायू-सांध्यांचे विकार आहेत. आपल्याकडे सक्ती नसल्याने बऱ्याच मालकांना यावर खर्च करावासा वाटत नाही. 'एर्गोनॉमिस्ट' अशी नेमणूक क्वचितच निघते. सुरक्षा, उत्पादन, आरोग्य अशा नावाखाली शिरून हे काम करावं लागेल.

फीची काळजी लिहिली आहेस. 2024-25 पासून महाराष्ट्रात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला आत्ताच काढायला घे, जून-जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात. आणि एमएचटी-सीईटी व नीट, दोन्ही दे.

परीक्षा झाल्या की एक काम कर. मुकादमांची आणि टोळीची परवानगी घेऊन एक सकाळ गाळ्यावर बस. तासाला किती गोण्या, हौदा किती उंच, थप्पी किती थरांची, किती पावलं चालावी लागतात, हे टेपने मोजून वहीत लिही. मग शरीराचं एक साधं चित्र काढून टोळीतल्या प्रत्येकाला विचार, गेल्या सात दिवसांत कुठे दुखलं, गेल्या बारा महिन्यांत कुठे दुखलं. सुरुवात बाबांपासून कर. ती वही मला पाठव, आकड्यांवर आपण पुढच्या पत्रात बोलू.

तुझी,
मार्गदर्शक ताई