‘एन्जॉय टू स्विम’ का खटकतं?

माझी भाची शिवाजी पार्कच्या तरणतलावावर पोहायला जाते. तिने निबंधात ‘आय एन्जॉय टू स्विम’ लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारली. तिचा प्रश्न असा की, ‘आय लाइक टू स्विम’ चालतं, मग हे का नाही?

ही चूक मराठीतून आली. मनात होतं ‘पोहायला मजा येते’, म्हणून हातून ‘टू’ उतरला. ‘-यला’ आला की ‘टू’ लावायचा, ही सवय बऱ्याचदा तारतेही. यायला कबूल झाला, ‘अग्रीड टू कम’. यायला नकार दिला, ‘रिफ्यूज्ड टू कम’. पण एन्जॉय, अवॉइड, फिनिश यांच्यापुढे ‘-इंग’च लागतं. लाइक, लव्ह, स्टार्ट यांना दोन्ही चालतं. इथे तर्क लढवू नये, सरळ पाठ करावं.

खरी गंमत ‘स्टॉप’ची. दादरच्या पुलावर जुना मित्र भेटला. ‘आय स्टॉप्ड टू टॉक’, म्हणजे बोलायला थांबलो आणि लोकल गेली. ‘आय स्टॉप्ड टॉकिंग’, म्हणजे बोलायचा थांबलो, कारण लोकल आली. एका ‘ला’ने आणि एका ‘चा’ने आपणही हाच फरक करतो की! व्याकरणाच्या तासाला तो कुणी दाखवत नाही, एवढंच.

‘रिमेंबर’चंही तसंच. घाटकोपर गेल्यावर खिशातली किल्ली चाचपत आपण म्हणतो, कुलूप लावल्याचं आठवतंय बुवा. तेच ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’. काम होऊन गेलंय, म्हणून ‘-इंग’. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ ही मात्र घरातून निघतानाची ताकीद: आठवणीने कुलूप लाव.

मराठी दगा देते ती ‘लावणे’पाशी. ‘त्याला जायला लावलं’वरून ‘मेड हिम टू गो’ लिहिलं जातं. हवं ‘मेड हिम गो’. ‘लेट हिम गो’ला सहसा कुणी चुकत नाही, कारण आपणही ‘जाऊ दे’च म्हणतो, तिथे ‘-यला’ नसतोच.

ऑफिसच्या मेलमधलं ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ वेगळ्या जातीचं. तिथला ‘टू’ क्रियापदाचा नाहीच, तो आपल्या ‘कडे’सारखा आहे आणि त्याला नाम लागतं. ‘भेटीकडे डोळे लागलेत’ म्हणतो आपण, ‘भेटायलाकडे’ नाही. म्हणून ‘टू मीटिंग यू’.